कुंदाचे एकतीस टक्के

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, मधेच हसलात की माझा सांगायचा धीर सुटतो. काय आहे, अडाणी माणूस चुकला तर लोक माफ करतात हो! पण मी चुकलो तो एमएस्सी होऊन, तीही फर्स्ट क्लासात. आणि ज्या विषयात फर्स्ट क्लास, बरोब्बर त्याच विषयात! आता अशा माणसानं तोंड कुठं लपवावं?

चहा घ्या, निवतोय. सांगतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सत्तावीस वर्षांचा, बिनलग्नाचा, आणि नागपुरात मुलींच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला नुकताच लागलेलो. संख्याशास्त्र म्हणजे काय, हे तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या घरमालकांची ठाम समजूत होती की मी जनगणनेत आहे. शेजारच्या काकू रेशनकार्डावर नाव वाढवून मागायला यायच्या. आणि आमच्या प्राचार्यांना वाटायचं, हा माणूस मोजतो. काय मोजतो? काहीही मोजतो.

एक दिवस त्यांनी बोलावलं. ‘‘उमाठे, तुम्ही मोजता ना? मग उद्यापासून सकाळी मैदानावर जा. बास्केटबॉलचा स्कोअर लिहिणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात.’’

मी म्हणालो, ‘‘सर, माझा विषय जरा वेगळा…’’

‘‘आकडेच ना? मग झालं तर!’’

नोकरी नवी, कायम व्हायची होती. गेलो.

मैदानावर निकोसेबाई होत्या, आमच्या कॉलेजच्या खेळाच्या शिक्षिका. पंचेचाळिशीच्या, साडी खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. तरुणपणी स्वतः विद्यापीठाकडून खेळलेल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

‘‘सर, बास्केटबॉल पाह्यला आहे का जी कधी?’’

‘‘हो, म्हणजे… फोटोत.’’

‘‘मंग बसा तिथं सावलीत. बॉल रिंगमधून खाली पडला का दोन पॉइंट लिहा. बाकी तुम्हाले काही करायचं नाही.’’

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं असतं ना, तर आज ही गोष्टच नसती!

दोन दिवस लिहिलं इमानदारीनं. तिसऱ्या दिवशी मेंदूला खाज सुटली. म्हटलं, पडलेले बॉल तर जगात सगळेच लिहितात. न पडलेले कोण लिहितं? कुणी किती मारले, कुठून मारले, किती वाया घालवले, ह्याची नोंदच नाही कुठे! कोणत्या पोरीनं कुठून शॉट मारावा आणि कुणी मारूच नये, हे आपण चक्क गणितानं सांगू शकतो. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले हो. सावलीत बसून.

एक दोनशेपानी वही आणली. तिच्यात कोर्टाचा नकाशा काढला, त्याचे आठ भाग पाडले आणि लक्षात राहावेत म्हणून त्यांना नागपुरातल्या वस्त्यांची नावं दिली. रिंगच्या अगदी खाली धंतोली, कारण ती डॉक्टरांची वस्ती, तिथं कायम गर्दी आणि माणूस कधी दवाखान्यात जाईल नेम नाही. लांबचा कोपरा म्हणजे नंदनवन, कारण त्या काळी तिकडे जायचं तर डबा बांधून निघावं लागे. पोरींना हे माहीत नव्हतं. त्यामुळे मी मधेच ‘‘धंतोलीतून मार, धंतोलीतून!’’ असं ओरडलो की त्या खेळ थांबवून माझ्याकडे बघायच्या.

पाच आठवडे मोजलं. मग एक अख्खा रविवार भागाकार करत बसलो. संध्याकाळी निकाल हातात आला आणि मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

सगळ्यांत वर कोण? विमल काळे. चौऱ्याहत्तर टक्के! चार शॉट मारले तर तीन आत.

सगळ्यांत खाली कोण? कुंदा गजभिये. एकतीस टक्के.

आता ह्या दोघी कोण ते सांगायला हवं. विमल पारशिवनीकडची. घरी धानाची शेती, इथं होस्टेलला. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, अतिशय लाजरी. खेळतानाही ती कुणाला दिसू नये अशी एका बाजूला उभी राहायची. रिंगखाली जागा मोकळी झाली की गुपचूप यायची, बॉल टाकायची, परत बाजूला जायची. देवळात फूल वाहून यावं तशी.

कुंदा आमची कॅप्टन. नागपुरातल्याच पाचपावलीची, वडील कापडगिरणीत. उंच, काटक, धावायला लागली की जमिनीला पाय लागतोय की नाही असं वाटे. घराण्यात कॉलेजला आलेली ती पहिली. विद्यापीठाच्या टीममध्ये नाव लागलं की तेव्हा पुढे रेल्वेत, बँकेत खेळाडू म्हणून नोकरी मिळायची शक्यता असे. कुंदाच्या घरातल्या सहाही माणसांचं लक्ष त्या एका नावाकडे लागलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, अहो, पण टीममध्ये सर्वांत जास्त पॉइंट कोणाचे होते? कुंदाचेच होते! हे मला माहीत होतं का? माझ्याच वहीत होतं! पण मी काय म्हणालो माहितेय? इतके मारल्यावर कुणाचेही पडतील!

फर्स्ट क्लास.

सोमवारी मी प्रयोगशाळेत टीमला बोलावलं, फळा भरून तक्ता काढला. निकोसेबाई आल्या. प्राचार्यही आले; मीच बोलावलं होतं त्यांना, कायम व्हायचं होतं ना! छडी घेऊन मी तासभर बोललो. शेवटी म्हणालो, ‘‘तात्पर्य, कुंदानं शॉट मारणं म्हणजे टीमचं नुकसान. बॉल विमलला द्यावा. आकडे खोटं बोलत नाहीत.’’

निकोसेबाई उठल्या. ‘‘सर, मी पंचवीस वर्षं झाली खेळ पाहून राहिली. ह्या पोट्टीच्या जिवावर टीम उभी आहे.’’

‘‘बाई, ते तुमचं मत झालं. हा आकडा आहे.’’

‘‘आकडा खेळते का जी मैदानावर?’’

‘‘निकोसेबाई,’’ प्राचार्य म्हणाले, ‘‘सायन्स आहे हे! सायन्सपुढे आपण काय बोलणार?’’

बाई खाली बसल्या. विमल मागच्या बाकावर रडवेली झाली होती. ‘‘सर, मले भेव वाटते. मले नका देऊ बॉल.’’

मी हसून म्हणालो, ‘‘भिऊ नकोस. तू चौऱ्याहत्तर टक्के आहेस.’’

आणि कुंदा? ती फळ्याकडे बघत होती. तिच्या नावाखाली मी तांबड्या खडूनं रेघ ओढली होती, दोनदा. ती शांतपणे म्हणाली, ‘‘सर, मंग मी काय करू?’’

‘‘तू पास दे. शॉट मारायचा झालाच तर विचारल्याशिवाय मारू नकोस.’’

‘‘कोणाले विचारू?’’

‘‘मला!’’

हो, असं म्हणालो मी. छातीवर हात ठेवून म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. पण नाही! त्या तक्त्याच्या मी कार्बन लावून तीन प्रती काढल्या. एक प्राचार्यांना, एक मला, आणि एक पाठवली डॉक्टर केळापुऱ्यांना. हे धंतोलीतले दातांचे डॉक्टर, जुने खेळाडू आणि विद्यापीठाच्या मुलींच्या टीमचे निवडकर्ते. सोबत पत्र जोडलं: ‘निवडीस उपयुक्त ठरावा असा शास्त्रीय अहवाल.’ त्यातही एकतीस टक्क्यांखाली तांबडी रेघ. कुणी मागितला होता? कुणी म्हणजे कुणीही नाही!

शनिवारी आंतरमहाविद्यालयीन सेमीफायनल. मी इस्त्रीचा शर्ट घालून, वही घेऊन, निकोसेबाईंच्या शेजारी बसलो. जवळजवळ प्रशिक्षकच म्हणा ना.

पहिली पाच मिनिटं ठीक गेली. मग समोरच्या टीमच्या सरांच्या लक्षात आलं. ते तिकडून ओरडले, ‘‘अवं पोरींनो, सात नंबरले सोडा! ती मारूनच नाही राहिली!’’

सात नंबर कुंदा. तिला सोडून सगळ्या जणी विमलवर धावल्या. गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशा चौघी तिच्याभोवती! बिचारी डोळे मिटून बॉल हवेत फेकायची. एक गेला भिंतीपलीकडे. एक गेला थेट शेंगा विकणाऱ्या बाईच्या टोपलीत. बास्केट झालीच म्हणायची, फक्त ती शेंगांची होती.

मी वहीत लिहीत होतो. चौऱ्याहत्तर टक्के मैदानावर वितळत होते आणि मी खाली वाकून लिहीत होतो!

आणि मग ते झालं.

कुंदाला रिंगच्या अगदी खाली बॉल मिळाला. तिच्या आसपास कोणी नाही. चिटपाखरू नाही! हात वर केला असता तर बॉल आत गेला असता. पण पोरगी आज्ञाधारक. ती वळली, बॉल छातीशी धरला आणि मैदानाच्या कडेला बसलेल्या माझ्याकडे बघून मोठ्यांदा विचारलं:

‘‘सर, मारू का?’’

आणि मी काय केलं असेल? सांगा, काय केलं असेल?

मी वहीची पानं उलटायला लागलो. धंतोलीतले कुंदाचे टक्के बघायला!

‘‘अवं मार ना!’’ निकोसेबाई किंचाळल्या.

‘‘थांब थांब,’’ मी म्हणालो, ‘‘पान सापडत नाही!’’

टुर्रर्र! शिट्टी. रिंगखालच्या त्या चौकटीत तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही, हा नियम मला त्या दिवशी कळला. बॉल समोरच्यांकडे. सगळं मैदान हसलं. त्यांचे सर हसले, पंच हसला, शेंगावाली बाई तर पदर तोंडाला लावून हसत होती. एकटी कुंदा हसत नव्हती. तिची मान खाली होती.

हाफटाइमला आम्ही चौदा पॉइंटांनी मागे. निकोसेबाईंनी माझ्या हातातली वही काढून घेतली, बाकावर ठेवली आणि त्या तिच्यावर बसल्या.

‘‘सर, आता तुम्ही शेंगा खा.’’ मग कुंदाकडे वळल्या. ‘‘कुंदे, ऐक वं. कोणाले विचारू नको. तुह्या मनानं खेळ.’’

वही नाही, काम नाही, तेव्हा मी काय केलं? आयुष्यात पहिल्यांदा बास्केटबॉल पाहिला! पाच आठवडे मी आकडे पाहत होतो हो, खेळ पाहिलाच नव्हता.

काय दिसलं सांगू? बाकीच्या पोरी अडकल्या, घाबरल्या, वेळ संपत आली, की बॉल कुंदाकडे फेकायच्या. तिच्या अंगावर कायम दोघी. एक समोरून, एक बाजूनं. तशातून ती उडी मारायची. कधी बॉल आत, पुष्कळदा नाही. पण नाही गेला तरी काय व्हायचं? तिच्याकडे दोघी धावल्या म्हणजे दुसरं कोणी तरी मोकळं! बोर्डावर आपटून बॉल खाली यायचा आणि तिथं नेमकी विमल उभी. टाकला, आत!

म्हणजे माझ्या तक्त्यात एका पोरीच्या नावावर पडलेली फुली हीच दुसरीच्या नावावरची बरोबरची खूण होती. आणि मी पहिलीला शिक्षा देऊन दुसरीला बक्षीस दिलं होतं!

चौदाचे बारा, बाराचे आठ, आठाचे तीन झाले. शेवटी एका पॉइंटानं हरलो. एका! आणि माझं ते पान सापडलं असतं तर दोन मिळाले असते.

सामना संपल्यावर मी कडुनिंबाखाली कुंदाजवळ गेलो. ती बूट सोडत होती. विचारलं, ‘‘कुंदा, तू इतके अवघड शॉट का मारतेस?’’

तिनं वर पाहिलं. ‘‘सोपे राह्यले असते तं दुसरीनं नसते का मारले सर? जो कोणी मारत नाही तो माह्याकडे येते. मी नाही मारला तं बॉल जातेच ना हातातून.’’

विमल शेजारी उभी होती. इतकी लाजरी पोरगी, पण त्या दिवशी बोलली. ‘‘सर, मी मोकळी काहून राहते माहीत आहे का? कुंदाताईवर दोघी राहतात म्हणून. अन् मले जमत नसला तो शॉट मी मारतच नाही. माह्या हातून अवघड शॉट वाया जाईन कसा?’’

‘‘हे आधी का नाही सांगितलंत?’’

कुंदा म्हणाली, ‘‘तुम्ही विचारलंच नाही जी.’’

रागानं नाही म्हणाली हो. साधं म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आणि तिथंच मला कार्बन कॉपी आठवली.

‘‘बाई,’’ मी निकोसेबाईंना म्हणालो, ‘‘ती निवड यादी कधी लागते?’’

‘‘सोमवारी. काहून?’’

मी सांगितलं. बाईंनी शिट्टी गळ्यातून काढली. मला वाटलं आता ही फेकून मारतात. पण त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘सायकल आहे ना? मंग इथं काय करून राहिले?’’

निघालो. तसा थेट धंतोलीत. केळापुऱ्यांच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. यवतमाळ, चंद्रपूर, भंडारा, सगळ्या विदर्भातले गाल तिथं सुजून बसलेले. कंपाउंडरनं वर न बघता विचारलं, ‘‘नाव?’’

‘‘मला डॉक्टरांना फक्त भेटायचंय.’’

‘‘इथं सगळ्याइले भेटाचंच आहे. सतरा नंबर. बसा.’’

दीड तासानं आत गेलो. डॉक्टर पाठमोरे हात धूत होते. ‘‘बसा खुर्चीत.’’

बसलो. खुर्ची एकदम मागे कलंडली. ‘‘डॉक्टर, मी एका मुलीच्या संदर्भात…’’

‘‘सगळं सांगा, आधी आ करा.’’

‘‘नाही, पण ते टक्के…’’

‘‘आ!’’

मोठा माणूस, खणखणीत आवाज. केला आ. त्यांनी आत आरसा घातला आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. ‘‘ओहो! ही दाढ तर पुरी गेली आहे. दुखत कशी नाही तुम्हाला?’’ आणि मी काही बोलायच्या आत सुई टोचली.

‘‘कुठं असता?’’

‘‘उईंच्या ऑयेजात.’’

‘‘मुलींच्या कॉलेजात? वा वा! अहो, तुमच्याकडे उमाठे म्हणून कोणी प्राध्यापक आहेत. काय हुशार माणूस! त्यांनी असा अहवाल पाठवला की माझे डोळेच उघडले. एका मुलीचं नाव मी यादीत सर्वांत वर लिहिलं होतं. काल खोडून टाकलं!’’

‘‘आँ! आँऽऽ!’’ मी खुर्चीत उसळलो.

‘‘दुखलं? थांबा, अजून एक देतो.’’

दुसरी सुई! आता जीभसुद्धा माझी राहिली नाही. आणि डॉक्टर तर रंगात आले. म्हणाले, ‘‘तुम्ही थेट माझ्याकडे आलात हे बरं केलं. लोक कसे येतात माहितेय? पलीकडच्या गल्लीतला तो नवा डॉक्टर. सोपे दात तो स्वतःकडे ठेवतो, अवघड दिसला की म्हणतो, जा केळापुऱ्यांकडे. मग माझा एखादा बिघडतो. आणि हा गावभर सांगत फिरतो, आपल्या हातून एकही दात बिघडलेला नाही! अरे, अवघड दाताला तू हात लावलास कधी?’’

‘‘एच! एच!’’ मी दोन्ही हात हवेत नाचवायला लागलो. ‘‘हेच’’ म्हणत होतो मी, हेच! डॉक्टरांना वाटलं शिंक येतेय. त्यांनी अदबीनं बाजूला सरून रुमाल दिला.

शेवटी मी वही काढली. तीच वही, निकोसेबाई बसलेली. मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘उमाठे गाढव आहे.’

डॉक्टरांनी चष्मा सारखा केला. ‘‘असं? तुम्ही ओळखता त्यांना?’’

मी खाली लिहिलं: ‘मीच उमाठे.’

मग लिहितच सुटलो. कुंदा म्हणजे तुम्ही. सगळ्यांनी सोडलेला अवघड शॉट तिच्याकडे येतो. टक्केवारी तिची कमी, भार तिच्यावर जास्त. नाव खोडू नका. पाया पडतो.

डॉक्टर वाचत गेले. मग कंपाउंडर आत धावत आला, कारण डॉक्टर टेबलाला धरून हसत होते. डोळे पुसत म्हणाले, ‘‘उमाठे, एक सांगू? मैदानावर बघताना मलाही ती पोरगीच उत्तम वाटली होती. पण तुमचं ते पत्र, तो तक्ता, ती तांबडी रेघ! मला वाटलं, आपण म्हातारे झालो. उद्या सकाळी तिला आणि त्या चौऱ्याहत्तर टक्केवालीला घेऊन या. आपण दोघं बसून बघू.’’

मी हात जोडले आणि उठायला लागलो. त्यांनी खांद्यावर हात ठेवून परत बसवलं.

‘‘आता दोन सुया दिल्याच आहेत, तर दाढ तेवढी काढून टाकू.’’

काढली. पत्र लिहिण्याआधी मला बत्तीस दात होते मंडळी.

रविवारी सकाळी विद्यापीठाच्या मैदानावर चाचणी झाली. माझा गाल भोपळ्यासारखा, त्यावर मफलर. शेजारी डॉक्टर. ह्या वेळी वहीत मी नवे रकाने पाडले होते: अंगावर किती जणी होत्या, वेळ किती उरली होती, बॉल कोणाकडून आला, आणि चुकल्यावर कुणाला मिळाला. रकाने कुठून सुचले? कुंदाला विचारून. सकाळी सात वाजता मैदानाच्या पायरीवर बसवून तिनं मला शिकवलं आणि मी विद्यार्थ्यासारखा उतरवून घेतलं. फार बोलता येत नव्हतं, हे एक चांगलं झालं.

तासाभरानं डॉक्टरांनी खिशातली यादी काढली आणि खोडलेलं नाव पुन्हा वर लिहिलं, ठळक. मग थोडा विचार करून खाली विमलचंही लिहिलं, राखीव म्हणून. निकोसेबाईंना म्हणाले, ‘‘कोणता शॉट मारायचा नाही हे ह्या मुलीला कळतं. फार थोड्यांना कळतं ते.’’

‘‘हो जी,’’ बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, ‘‘फारच थोड्याइले.’’

कुंदानं यादीतलं आपलं नाव दोनदा वाचलं, घामेजलेला हात ड्रेसला पुसला आणि कागदावरून एकदा बोट फिरवलं. मग पळत मैदानावर गेली. तिथं जाऊन काय केलं, तर लांबच्या कोपऱ्यातून एक शॉट मारला. चुकला! बॉल टप्पे खात खात माझ्या पायाशी आला.

‘‘सर, बॉल!’’

मी उठलो. मफलर सावरला, बॉल दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि फेकला. तो वर गेला, खूप वर गेला, बोर्डाला लागला, रिंगवर एकदा नाचला आणि जाळीतून सरळ खाली!

मग टाळ्या! डॉक्टर उभे राहिले. निकोसेबाईंच्या तोंडून ‘‘अगं माय’’ निघालं. आणि ती कुंदा, जी माझ्यासमोर कधी हसली नव्हती, ती कमरेवर हात ठेवून खळखळून हसली.

‘‘सर, लिहा वहीत! एक शॉट, एक बास्केट. शंभर टक्के! आता जिंदगीभर दुसरा मारू नका जी.’’

नाही मारला. आजतागायत बॉलला हात लावलेला नाही. कुंदा पुढे रेल्वेकडून खेळली, तिथूनच आता निवृत्त झाली. अजून भेटली की लोकांना माझी ओळख अशी करून देते: ‘‘हे आमचे सर. शंभर टक्केवाले.’’ मी मान तुकवतो, थोडा लाजतो.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? तो शॉट नव्हताच हो. मी बॉल कुंदाकडे फेकला होता. ती माझ्या उजव्या हाताला उभी होती, आणि रिंग होती डावीकडे.